अपपार्क: जळालेलं घर आगीच्या आदल्या दिवशी परत नेताना

इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समधल्या साउथ हार्टिंग गावाच्या वर, डोंगरमाथ्यावर अपपार्क नावाचं घर आहे. हे घर दोनदा बांधलं गेलं. एकदा १६९०च्या सुमारास आणि पुन्हा १९८९च्या आगीनंतर, १९९५पर्यंत. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यातलं दुसरं बांधकाम जास्त जवळचं वाटतं. ‘जे गेलं ते परत करायचं का, आणि करायचं तर किती’ हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. अपपार्कला त्याचं उत्तर शब्दांत नाही, तर चुन्यात, लाकडात आणि कापडात द्यावं लागलं.

आधी घराची ओळख करून घेऊ. कारण आगीनंतरच्या निर्णयाची मुळं घराच्या इतिहासातच आहेत.

बांधणारा होता फोर्ड ग्रे, पुढे अर्ल ऑफ टँकरव्हिल झालेला. राजाविरुद्धच्या मॉनमथच्या बंडात हा सामील होता, पकडला गेला आणि तरीही सुटला. वास्तुरचनेचं श्रेय विल्यम टालमन यांना दिलं जातं. लाल विटांच्या भिंती, कोपऱ्यांना आणि खिडक्यांना फिकट दगड, तळघरावर दोन मजले, चारही बाजूंनी उतरतं छप्पर आणि त्यात माळ्याच्या छोट्या खिडक्या. दक्षिणेकडच्या दर्शनी भिंतीत एका ओळीत नऊ खिडक्या आहेत आणि मधल्या भागावर पेडिमेंट, म्हणजे छपराच्या कडेवरचं त्रिकोणी शिखर आहे. हा बाज हॉलंडकडून आलेला. लांबून पाहिलं तर एखाद्या मुलीचं बाहुलीघर उचलून टेकडीवर ठेवावं तसं हे घर दिसतं.

इतक्या उंचावर घर बांधण्यात पहिली अडचण पाण्याची. ती सुटली होती टँकरव्हिलच्या आजोबांमुळे, म्हणजे आईचे वडील सर एडवर्ड फोर्ड यांच्यामुळे. पाणी उंच चढवणारी यंत्रं करण्यात या माणसाचा हातखंडा होता. थेम्सचं पाणी लंडनच्या वरच्या रस्त्यांपर्यंत चढवण्याचं कामही त्यानं केलं होतं. घराचा देखणेपणा सगळे बघतात. पण खालच्या झऱ्याचं पाणी वर चढलं नसतं तर तिथे वीटसुद्धा लागली नसती. आपल्याकडे गडावर टाकं आधी आणि वाडा नंतर, तसंच हे.

१७४७ साली मॅथ्यू फेदरस्टोनहॉ यांनी हे घर विकत घेतलं. एका लांबच्या नातेवाइकाकडून त्यांना प्रचंड मालमत्ता मिळाली होती. ते आणि त्यांची पत्नी सारा इटलीला जाऊन आले, पोंपेओ बातोनी या रोममधल्या चित्रकाराकडून कुटुंबाची चित्रं काढून घेतली, गालिचे, कपाटं, आरसे आणि पडदे जमवले. आज जे अपपार्क आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः या जोडप्याचं. साराचं लहानपणचं बाहुलीघरसुद्धा तिच्याबरोबर इथे आलं. त्याच्या एकेका खोलीत इवलीशी भांडी, चित्रं, पलंग आणि पोशाख केलेली माणसं आहेत. त्या काळचं घर आतून कसं लावलेलं असायचं याचा इतका तपशीलवार पुरावा फार थोड्या ठिकाणी उरला आहे.

त्यांचा मुलगा सर हॅरी मोठा शौकीन. पुढे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची प्रेयसी म्हणून जगाला माहीत झालेली एमा तरुणपणी काही काळ त्याच्या आश्रयाला होती. उतारवयात त्यानं बागा आणि घरांची रचना करणारे हंफ्री रेप्टन यांना बोलावून उत्तरेकडे नवं प्रवेशद्वार करून घेतलं, जेवणाची खोली बदलून घेतली. मुख्य घरापासून सुट्या असलेल्या इमारती भुयारांनी तळघराला जोडलेल्या आहेत. नोकरमाणसं आणि जेवणाची भांडी त्या भुयारांतून ये-जा करायची, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेला काही पडू नये.

आणि मग १८२५ साल. सत्तरी उलटलेल्या सर हॅरीनं आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी अॅन बुलॉक या विशीतल्या मुलीशी लग्न केलं. इंग्रज सरदारवर्गात केवढी खळबळ उडाली असेल! १८४६ मध्ये तो वारला आणि सगळं तिच्या नावावर झालं. तिनं आणि तिची बहीण फ्रान्सिस हिनं घरात काहीही बदललं नाही. सर हॅरी असताना जे जिथे होतं ते तिथेच राहील, असं जणू व्रतच त्यांनी घेतलं. फ्रान्सिस १८९५ मध्ये गेली. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं दोन बहिणींनी एक काळ धरून ठेवला. याच काळात एच. जी. वेल्स या लेखकाची आई तळघरातल्या खोल्यांत घराची कारभारीण म्हणून राहत होती. वेल्सनं लहानपणी हे घर वरून नाही, खालून पाहिलं.

बाकीच्या मोठ्या घरांत त्या पन्नास वर्षांत काय झालं? व्हिक्टोरियन आवडीप्रमाणे कागद बदलले, रंग गडद झाले, जुने पडदे फेकले गेले. अपपार्कमध्ये मात्र अठराव्या शतकातला रंग तसाच विटत राहिला, रेशीम तसंच उन्हानं फिकं होत राहिलं. विसाव्या शतकात, १९३०नंतर, घर ज्यांच्याकडे आलं त्या कुटुंबातल्या लेडी मेग मीड-फेदरस्टोनहॉ यांनी त्या चिंध्या झालेल्या पडद्यांची सेवा केली. सोपवर्ट या फेसाळ रस देणाऱ्या वनस्पतीचा काढा करायचा, त्यात कापड धुवायचं आणि सुटलेला एकेक धागा सुईनं परत जागेवर आणायचा. आपल्याकडे रेशमी वस्त्रं रिठ्यात धुतात, तीच जात. नवं कापड घेणं शंभरपट सोपं होतं. पण या घरात मूळ वस्तू टिकवायची हा संस्कार आगीच्या कितीतरी आधी रुजलेला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

१९५४ मध्ये कुटुंबानं घर नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे सोपवलं. वरच्या मजल्यावर राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. असं करणारं हे एकटं कुटुंब नव्हतं. १८९४ पासून वारसाकर वाढत गेला, शेतीचं उत्पन्न घसरलं, दोन महायुद्धांत वारस गेले आणि इंग्लंडमधली शेकडो मोठी घरं विसाव्या शतकात जमीनदोस्त झाली. ट्रस्टकडे आलेली घरं त्या पडझडीतून वाचलेली होती.

आता ३० ऑगस्ट १९८९.

घराच्या छपराची दुरुस्ती चालू होती आणि काम संपायला थोडेच दिवस उरले होते. छपरावर शिशाचे पत्रे होते. शिसं फार मऊ. ३२७ अंशाला ते वितळतं, म्हणून दोन पत्र्यांचा सांधा ज्योतीनं वितळवून जोडतात. धोका शिशात नसतो, त्याच्याखाली असतो. दोनतीनशे वर्षं वाळलेलं लाकूड, फटींत साठलेली धूळ, पक्ष्यांची घरटी. ज्योतीची धग पत्र्यातून खाली उतरते, लाकूड पेट न घेता नुसतं धुमसत राहतं, कामगार हत्यारं आवरून खाली उतरतो आणि मग आग वर येते. त्या दुपारी नेमकं हेच झालं. घर पाहायला लोक आलेले होते. पर्यटकांना बाहेर काढलं, आणि कर्मचारी, स्वयंसेवक, कुटुंबातले लोक आणि अग्निशमन दलाचे जवान यांनी साखळी करून तळमजल्यावरच्या वस्तू हिरवळीवर आणायला सुरुवात केली. बातोनीची चित्रं, खुर्च्या, कपाटं, चिनी मातीची भांडी, बाहुलीघर. वर छप्पर पेटलेलं आणि खाली माणसं गालिचे गुंडाळत होती.

इथे मला थांबून स्वतःचा एक अनुभव सांगायचा आहे. पुण्यातल्या एका वाड्याच्या माळ्यावर लोखंडी आधार बसवताना वेल्डिंग केलं होतं. काम आटोपलं, ठेकेदाराची माणसं चहाला गेली. मी कागद विसरलो म्हणून परत वर चढलो तर कौलांखालच्या पालापाचोळ्यातून बोटभर धूर निघत होता. दोन घमेली पाण्यानं विझला. पाऊण तासानं वर गेलो असतो तर सागवानी तुळया गेल्या असत्या. म्हणून अपपार्कची गोष्ट मी शिकाऊ मुलांना सांगतो तेव्हा रेशमी पडद्यांपासून नाही, त्या ज्योतीपासून सुरू करतो. जुन्या इमारतीवर उघड्या ज्योतीचं काम शक्यतो करूच नये, आणि करावंच लागलं तर काम संपल्यावर माणसानं तिथे बसून राहावं, तासातासानं हात लावून बघावं. हा नियम पाळायला पैसे लागत नाहीत.

संध्याकाळपर्यंत छप्पर कोसळलं. वरचा मजला आणि माळा जवळजवळ पूर्ण गेला, कुटुंबाच्या घरगुती वस्तूंसकट. पण तळमजल्यावरच्या दालनांतला बहुतेक ऐवज वाचला. भिंती उभ्या राहिल्या. तळघर राहिलं. खालच्या दालनांत छतं कोसळली होती, पण भिंतींवरचं लाकडी नक्षीकाम, दारं, खिडक्यांचे लाकडी आडपडदे यांचा मोठा भाग काळवंडून का होईना, जागेवर होता.

राखेत उभं राहून निर्णय घ्यायचा होता. वाटा चार होत्या. उरलेलं पाडून टाकायचं. अवशेष म्हणून राखायचं. विटांचं कवच ठेवून आत आजच्या काळाचं काहीतरी बांधायचं. किंवा घर आगीच्या आदल्या दिवशी जसं होतं तसं परत उभं करायचं.

शेवटच्या वाटेवर आक्षेप मोठा होता आणि तो जुना, आदरणीय आक्षेप होता. १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली तिचं म्हणणंच हे होतं की, इमारतीचा काळ परत आणता येत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनं खरवडून जुन्यासारखं नवं बसवणं म्हणजे लबाडी. इंग्लंडमधली दुरुस्तीची सगळी शिस्त या विचारावर वाढलेली. मग शतकभर ‘नक्कल करू नका’ असं सांगणाऱ्यांनीच नक्कल करायची? मला हा आक्षेप मनापासून पटतो. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणून जुन्या देवळांना ऑइलपेंट फासलेला पाहिला की मॉरिसची आठवण येते.

तरीही अपपार्कमध्ये परत उभारण्याचा निर्णय झाला, आणि माझ्या मते तो बरोबर होता. त्याला तीन गोष्टींनी जोर दिला. पहिली, विम्याची अट. घर पूर्ववत केलं तर त्याचा खर्च मिळणार होता. पैसे घेऊन दुसरीकडे वापरायची मुभा नव्हती. हे रुक्ष कारण आहे, पण खरं आहे आणि ते लपवू नये. दुसरी, ज्या खोल्यांसाठी त्या वस्तू जमवल्या गेल्या, त्या वस्तू हयात होत्या. अमुक भिंतीसाठी घेतलेलं चित्र, तमुक खिडकीच्या मापाचा पडदा. खोली नसेल तर ते सगळं संग्रहालयाच्या कोठारातलं सामान झालं असतं. तिसरी गोष्ट, पुरावा. घराचे फोटो, मोजमापं, नोंदी होत्या, भिंतीवर टिकलेले नमुने होते आणि राख होती.

राखेबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

जळालेल्या इमारतीत साधारणपणे पहिलं काम असतं राडारोडा उचलून नेण्याचं. अपपार्कमध्ये तो उत्खननाच्या जागेसारखा मानला गेला. पुरातत्त्वज्ञ बोलावले. जमिनीची चौकटीत विभागणी केली, आणि कुठल्या खोलीतल्या कुठल्या भागातून काय निघालं याची नोंद ठेवत सगळा ढिगारा कचऱ्याच्या हजारो डब्यांत भरला. मग एकेक डबा चाळला. त्यातून काय काय मिळालं! लाकडी वेलबुट्टीचे तुकडे, दारांच्या कड्या आणि बिजागऱ्या, झुंबरांचे काचेचे लोलक, छताच्या गिलाव्यावरची फुलंपानं. घरावर परांच्यांचा सांगाडा उभारून तात्पुरतं छप्पर घातलं होतं, त्यामुळे भिंती वाळत होत्या आणि शेजारी हे तुकडे जुळत होते. एक पान मिळालं की त्याच्यासारखी दहा पानं कशी होती ते कळतं. अर्धं कोरीव फूल मिळालं की ते नव्यानं अख्खं कोरायचं नाही, फक्त नसलेला अर्धा कोरून जोडायचा. जुनं काळपट लाकूड आणि नवं फिकट लाकूड यांचा सांधा हाताशी आला की दिसतो. रंग दिल्यावर तो डोळ्याआड होतो, पण आत आहे तो आहेच.

खरी कसोटी छतांची होती. अठराव्या शतकातली ती गिलाव्याची छतं साच्यातून काढून चिकटवलेली नव्हती. कारागिरानं परांचीवर उभं राहून, मान वर करून, ओल्या चुन्यात हातानं वेली आणि पानं वळवलेली होती. ही कला इंग्लंडमध्ये जवळपास संपली होती. तयार तुकडे साच्यात ओतून बसवणारे कारागीर मिळत होते. नमुन्यादाखल तसं करून पाहिलं तर फरक लगेच दिसला. साच्यातल्या पानाची कड सगळीकडे सारखी निबर. हातानं केलेल्या पानाला कुठे बोट जास्त दाबलेलं, कुठे अवजार झटकन उचललेलं, त्यामुळे उजेड त्यावर वेगळा खेळतो. मग कारागिरांचा एक चमू जुन्या तुकड्यांचं पृथक्करण करून मिश्रण शोधत बसला. मुरलेला चुना, वाळू, धरून ठेवायला जनावरांचे केस, आणि लवकर आवळावं म्हणून थोडं जिप्सम. जिप्सम जास्त झालं तर पान वळवायच्या आत घट्ट होतं, कमी झालं तर ओघळतं. महिनोन्‌महिने चुका करत, पाडत, पुन्हा लावत त्यांनी हात बसवला. कोणी शिकवणारा उरला नव्हता. जुनी छतंच गुरू झाली.

आपल्याकडचे चुन्याचं काम करणारे गवंडी हे वाचून हसतील असं मला वाटत नाही. कळीचा चुना विझवून किती दिवस मुरवायचा, चुना दळायच्या घाणीत किती फेरे द्यायचे, गूळ आणि बेलफळाचं पाणी कधी घालायचं हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याला कळेल की एकदा तुटलेली साखळी परत जोडणं म्हणजे काय.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात सुंदर वाटतो. आगीच्या आदल्या दिवशीचं घर परत करायचं म्हणजे कुठलं घर? नवं असतानाचं की विटलेलं? लाल दालनातला भिंतीचा कागद जागोजागी फिका पडला होता. काही तुकडे आगीच्या वेळीच भिंतीवरून ओढून वाचवले होते, काही गेले. नवा छापून लावला असता तर तो लालभडक दिसला असता आणि त्याच्याशेजारी दोनशे वर्षांचं फर्निचर अनाथ वाटलं असतं. म्हणून नव्या कागदाला जुन्याच्या विटक्या छटेशी जुळवलं. मोठ्या पांढऱ्या-सोनेरी दालनातही हाच नियम: टिकलेला जुना रंग तसाच ठेवायचा, आणि शेजारच्या नव्या भागाला त्या मळलेल्या, पिवळटलेल्या छटेपर्यंत आणायचं. जुन्याला नव्यापर्यंत नेलं नाही, नव्याला जुन्यापर्यंत नेलं.

याला खोटेपणा म्हणायचं का? त्या वेळी काहींनी म्हटलं. मी असं बघतो: सर हॅरीच्या विधवेनं आणि तिच्या बहिणीनं जे जपलं, लेडी मेगनं ज्यासाठी सुई चालवली, ते ‘अठरावं शतक’ नव्हतंच. ते अठराव्या शतकावर चढलेलं वय होतं. घराची ओळख त्या वयात होती. चकाचक नवं अपपार्क बांधलं असतं तर मात्र ती खरी नक्कल झाली असती.

जून १९९५ मध्ये घर लोकांसाठी पुन्हा उघडलं. खर्च सुमारे दोन कोटी पौंड. मधल्या काळात, नोव्हेंबर १९९२ मध्ये, विंडसर राजवाड्याला आग लागली आणि अपपार्कमध्ये तयार झालेलं ज्ञान व हात तिथे लगेच उपयोगी पडले.

पण अपपार्कवरून सरसकट नियम काढता येत नाही, हे क्लँडन पार्कनं दाखवलं. सरे परगण्यातलं हे घर इटालियन वास्तुविशारद जाकोमो लेओनी यांनी अठराव्या शतकात बांधलेलं, तेही नॅशनल ट्रस्टचंच. २९ एप्रिल २०१५ रोजी तळघरातल्या विजेच्या वितरण पेटीत दोष होऊन आग लागली आणि एक दालन सोडलं तर घर आतून रिकामं झालं. बहुतेक ऐवज जळाला. आधी मुख्य दालनं पूर्ववत करायचं ठरलं होतं. २०२२ मध्ये ट्रस्टनं विचार बदलला: आगीनं उघड्या पडलेल्या विटा, कमानी आणि तुळयांच्या खाचा तशाच राखायच्या आणि लोकांना मधून फिरता येईल असे मार्ग करायचे. बरेच लोक यावर नाराज आहेत. मला दोन्ही निर्णय एकाच तर्कातून आलेले वाटतात. अपपार्कमध्ये खोल्यांत परत ठेवायला वस्तू होत्या. क्लँडनमध्ये खोल्या बांधल्या असत्या तर त्यांत ठेवायचं काय होतं? शनिवारवाड्याच्या चौथऱ्यांवरून चालताना मला हेच वाटतं. १८२८च्या आगीत वरचं सगळं गेलं. आता कारंज्यांचे हौद आणि जोती पाहून मजले मनातच चढवायचे, आणि तेच योग्य आहे.

अपपार्कमध्येसुद्धा सगळं परत केलेलं नाही. वरच्या मजल्यावर आता राहण्याच्या साध्या खोल्या आहेत, पूर्वीच्या दालनांची प्रतिकृती नाही. तिथलं सामान गेलं होतं आणि छपराबरोबर सगळं खाली आलं होतं. बाहेरून पाहिलं तर खिडक्यांची ओळ पुरी आहे, वर उतरतं छप्पर आहे, माळ्याच्या खिडक्या आहेत. आत तळमजल्यावर जिना चढायला लागावं तर पर्यटकांची वाट तिथेच थांबते.